गारपीट आणि वादळी पाऊस: खानदेशात हवामानाच्या इशाऱ्याचा मागोवा कोणत्या क्रमाने घ्यावा

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणजे होळीच्या आगेमागे, खानदेशातील शेतमाल सर्वांत उघडा असतो. गहू कापणीला आलेला असतो, हरभऱ्याच्या सुड्या वावरातच असतात, रावेर-यावल पट्ट्यात केळीचे घड भरत असतात आणि नंदुरबारकडे मिरची अजून पथारीवर वाळत असते. गारपीट आणि वादळी पाऊस येतो तो नेमका याच दिवसांत. इशारा मिळत नाही ही तक्रार आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. मोबाइलवर इशारे भरपूर येतात, पण ते चुकीच्या क्रमाने वाचले जातात. पाच दिवसांपुढच्या अंदाजावरून घाईने अर्धवट वाळलेला गहू कापला जातो आणि तीन तासांचा तातडीचा इशारा आल्यावर मात्र ‘बघू, आभाळ तर मोकळे आहे’ असे म्हणून ताडपत्री घरातच राहते.

पुढील क्रम एका नियमावर उभा आहे. पाच दिवस आधीच्या माहितीवरून फक्त नियोजन करावे, एक दिवस आधीच्या माहितीवरून तयारी करावी आणि तीन तास आधीच्या माहितीवरून हातातले काम थांबवून हालचाल करावी. एका टप्प्याचा निर्णय दुसऱ्या टप्प्याच्या माहितीवर घेतला की नुकसान होते.

टप्पा १: जानेवारीअखेरची पूर्वतयारी

ही तयारी आभाळ मोकळे असतानाच करावी लागते, कारण ऐन वादळात नकाशा कोणी उघडत नाही.

सर्वप्रथम आपले गाव हवामान खात्याच्या नकाशावर नेमके कोठे येते ते लिहून ठेवावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात मोडतात. बातमीत ‘विदर्भ-मराठवाड्यात गारपीट’ असे ऐकून मुक्ताईनगर-बोदवडकडचे लोक घाबरतात आणि ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक गारपीट’ असे ऐकून ते पुणे-साताऱ्याकडचे असेल असे समजून निश्चिंत होतात. दोन्ही चुकीचे आहे. त्याचबरोबर आपले महसूल मंडळ कोणते, मंडळातील महावेध या राज्य शासनाच्या प्रकल्पाचे स्वयंचलित हवामान केंद्र कोणत्या गावात आहे आणि ते आपल्या वावरापासून किती किलोमीटरवर आहे, हेही नोंदवावे.

दुसरे काम नकाशाचे आहे. जिल्ह्याच्या छापील नकाशावर आपले गाव मध्यबिंदू धरून ३०, ६० आणि ९० किलोमीटर त्रिज्येची तीन वर्तुळे काढावीत. या काळात उंचावरचे वारे सर्वसाधारणपणे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे बहुतेक वादळी ढग पश्चिम, नैर्ऋत्य किंवा वायव्य बाजूने येतात. म्हणून वर्तुळाचा पश्चिमेकडील अर्धा भाग रंगवून घ्यावा. पारोळ्याच्या माणसाला त्या भागात धुळे आणि मालेगाव दिसेल, शहाद्याच्या माणसाला नंदुरबार व त्यापलीकडे गुजरातचा तापी जिल्हा, तर चोपडा-यावलकडच्यांना शिरपूर आणि सातपुड्यापलीकडचा बडवानी-खरगोन भाग. जिल्ह्याची किंवा राज्याची हद्द ढगाला लागू नसते, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्याचा इशारा वाचणे हे या कामाचे अर्धे अंग आहे. नंदुरबारच्या वाचकाने अहमदाबाद केंद्राचा आणि रावेरच्या वाचकाने भोपाळ केंद्राचा इशाराही पाहायला हवा, आणि ही सवय आपल्याकडे जवळजवळ नाहीच.

तिसरे काम माणसे जोडण्याचे. रंगवलेल्या भागात ३० ते ९० किलोमीटरवर राहणाऱ्या तीन-चार जणांचे दूरध्वनी क्रमांक घ्यावेत. आते-मामेभाऊ, साडू, बाजार समितीतले ओळखीचे, कोणीही चालतील. अट एवढीच की माणूस दुपारी शिवारात असला पाहिजे आणि ‘गारा पडत आहेत का, वारा कोणत्या बाजूने आहे’ या दोन प्रश्नांचे सरळ उत्तर देणारा पाहिजे. रडारच्या चित्रापेक्षा असा फोन अनेकदा लवकर उपयोगी पडतो.

चौथे काम म्हणजे कामांची वेळ मोजणे. दोन एकर हरभऱ्याच्या सुड्या गोळा करून झाकायला आपल्या घरातल्या माणसांना किती वेळ लागतो? पथारीवरची मिरची गोळा करायला किती मजूर लागतात आणि ते किती वेळात येतात? हे आकडे अंदाजाने न लिहिता एकदा प्रत्यक्ष काम करून घड्याळ लावून लिहावेत. एखाद्या कामाला चार तास लागत असतील, तर तीन तासांच्या इशाऱ्यावर ते होणार नाही. मग ते काम आदल्या दिवशीच्या यादीत टाकावे लागते. पुढचे सगळे निर्णय या एका कागदावर अवलंबून आहेत.

मोबाइलवर ‘मौसम’, ‘दामिनी’, ‘मेघदूत’ आणि ‘सचेत’ ही चार शासकीय ॲप घ्यावीत. ‘मौसम’मध्ये जिल्ह्याचा इशारा आणि तातडीचा अंदाज, ‘दामिनी’मध्ये विजा, ‘मेघदूत’मध्ये मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला आणि ‘सचेत’मध्ये आपत्तीचे इशारे मिळतात. ‘दामिनी’ला ठिकाण पाहण्याची परवानगी दिलेली नसेल तर ते आपल्यासाठी मुकेच राहते.

तपासणी: ताडपत्र्या उलगडून उन्हाकडे धरून पाहाव्यात. मागच्या वर्षीची घडी घातलेली ताडपत्री घडीवरच विरलेली असते.

टप्पा २: पाच ते सात दिवस आधी

या काळातील गारपिटीचे मूळ बहुधा दूर असते. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फवृष्टी करतात. त्यांच्या प्रभावाने कधीकधी राजस्थान-गुजरातवर चक्राकार वाऱ्यांची स्थिती तयार होते आणि अरबी समुद्र व बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आत ओढले जातात. खालून उबदार दमट हवा, वर कोरडी थंड हवा आणि दुपारचे कडक ऊन अशी जुळणी झाली की ढग झपाट्याने उंच वाढतात. त्यांतील जोरदार ऊर्ध्व प्रवाह पाण्याचे थेंब जेथे पाणी गोठते त्या उंचीच्याही वर नेतो आणि तेथे गारा वाढत राहतात.

म्हणून काश्मीर-हिमाचलच्या बर्फवृष्टीची बातमी आली की लक्ष द्यावे, पण तेवढ्यावर थांबू नये. त्या बर्फामागून खानदेशात अनेकदा नुसती थंड कोरडी हवा येते आणि दोन दिवस गारठा वाढून सगळे निवळते. हवामान विभागाच्या विस्तारित निवेदनात पुढील तीन गोष्टी एकत्र आहेत का ते पाहावे: राजस्थान, गुजरात किंवा मध्य प्रदेशावर चक्राकार वारे, मध्य भारतातून दक्षिणेकडे गेलेली द्रोणीय रेषा (कमी दाबाचा लांबट पट्टा) किंवा वाऱ्यांची खंडितता (वाऱ्याची दिशा एकदम बदलते तो पट्टा), आणि समुद्रावरून येणाऱ्या आर्द्रतेचा उल्लेख. तिन्ही असतील तर तारीख दिनदर्शिकेवर पेन्सिलने लिहावी. पेन्सिलनेच, कारण ती सरकते.

खासगी ॲपवरील जागतिक प्रारूपांचे (संगणकावर अंदाज काढणाऱ्या गणिती मांडणीचे) नकाशेही येथे पाहता येतात. मात्र ही प्रारूपे प्रदेशाचे चौकोन पाडून अंदाज काढतात; युरोपीय प्रारूपाचा एक चौकोन साधारण ९ किलोमीटरचा असतो, आणि भारतीय हवामान विभागाने मे २०२५ मध्ये सुरू केलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’चा ६ किलोमीटरचा. एका चौकोनात तीन-चार गावे सहज बसतात, तर गारांचा पट्टा कधीकधी एका शिवारापुरताच असतो. पाच दिवस आधी ‘आपल्या गावात मंगळवारी सायंकाळी ५ वाजता’ असे दाखवणारे चित्र अचूक वाटते, पण ती अचूकता फक्त चित्राची आहे. एका दिवसाचे एक चित्र पाहण्याऐवजी सलग दोन-तीन दिवसांच्या अद्ययावत चित्रांत तीच तारीख टिकते का, हे पाहावे.

या टप्प्यावर घ्यायचे निर्णय थोडे आहेत. मळणीयंत्र आणि मजुरांची विचारणा करून ठेवावी, पक्व झालेले पीक आधी काढायचे असा क्रम ठरवावा आणि महागडी फवारणी पुढे ढकलावी. केळीच्या बागेत घड आलेल्या झाडांना टेकू किंवा पट्टीचा आधार द्यायचा राहिला असेल तर तो आता द्यावा.

चूक: दाणा कच्चा असताना भीतीपोटी गहू कापणे. अंदाज हुकला तर नुकसान आपण स्वतः केलेले असते.

टप्पा ३: ४८ ते २४ तास आधी, जिल्ह्याचा इशारा

सर्वाधिक गोंधळ या टप्प्यावर होतो, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

जिल्ह्याच्या इशाऱ्यात चार रंग असतात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा. रंग केवळ पावसाच्या जोरावर ठरत नाही. घटना घडण्याची शक्यता आणि तिचा संभाव्य परिणाम या दोन्हींचा विचार त्यात असतो. त्यामुळे पिवळ्या रंगाच्या दिवशीही एखाद्या गावात गारा पडू शकतात, आणि नारिंगी रंगाच्या दिवशी जिल्ह्यातील बहुतेक गावे कोरडी राहू शकतात. ‘नारिंगी दिला होता, काहीच झाले नाही’ हे वाक्य तालुक्याच्या ठिकाणी बसून बोलले जाते तेव्हा त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या टोकाचे शिवार झोडपलेले असू शकते.

रंगाखालचे शब्द त्याहून महत्त्वाचे आहेत आणि ते कोणी वाचत नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातील २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. गारपिटीचा इशारा जवळजवळ नेहमी ‘तुरळक ठिकाणी’ असाच असतो. तुरळक हा शब्द गारा किती मोठ्या पडतील किंवा किती वेळ पडतील याबद्दल काहीही सांगत नाही. तो फक्त व्याप्ती सांगतो. ज्या शिवारात पडतील तेथे त्या तुरळक नसतात.

पावसाच्या शब्दांचेही ठरलेले अर्थ आहेत. २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर म्हणजे मध्यम आणि ६४.५ ते ११५.५ म्हणजे जोरदार. फाल्गुनात जोरदार पावसाचा इशारा क्वचितच येतो, आणि त्यामुळे ‘हलका ते मध्यम पाऊस’ हे शब्द वाचून लोक निर्धास्त होतात. या हंगामात नुकसान मिलिमीटरवर ठरत नाही. १० मिलिमीटर पाऊस अर्ध्या तासात, वेगवान वाऱ्यासह आणि गारांसह आला तर उभा गहू लोळतो आणि केळीची पाने चिंध्या होऊन लोंबतात. म्हणून निवेदनातील वाऱ्याच्या वेगाचा आकडा पावसाच्या आकड्याआधी वाचावा.

दिवस मोजण्यातही एक खाच आहे. हवामान विभागाच्या पावसाच्या नोंदीचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा असतो, आणि इशाऱ्यातही पहिला दिवस पुढच्या सकाळपर्यंत चालतो. ‘आजचा इशारा होता, रात्री बारा वाजले, संपला’ असे धरून पहाटे ताडपत्री काढू नये.

या टप्प्यावर कामांच्या कागदातील लांबलचक कामे करायची: कापलेला माल खळ्यावर आणणे, सुड्या झाकणे, कांदा काढला असेल तर तो पातीसह वावरात न ठेवता चाळीत किंवा आडोशाला नेणे, पथारीवरची मिरची गोळा करण्यास सुरुवात करणे. केळीला या दिवशी भरपूर पाणी देऊ नये, कारण जमीन सैल झाली की वाऱ्यात घडाच्या वजनाने झाड मुळासकट आडवे होणे सोपे जाते.

खबरदारी: आलेला संदेश पुढे पाठवण्यापूर्वी त्यावर तारीख, वेळ आणि जिल्ह्याचे नाव आहे का ते पाहावे. तिन्हींपैकी एक नसेल तर तो इशारा नाही. गारांच्या जुन्या चित्रफिती दर होळीला नव्याने फिरतात.

टप्पा ४: त्या दिवशीची सकाळ

सकाळी ७ ते ११ या वेळात दोन ठिकाणी पाहावे, उपग्रहाच्या चित्राकडे आणि स्वतःच्या आभाळाकडे.

इन्सॅट उपग्रहांची चित्रे दर अर्ध्या तासाच्या आसपास मिळतात. त्यांवरील वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत छापलेली असते. आपली वेळ काढण्यासाठी तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. ०६.०० असे छापलेले चित्र सकाळी सहाचे नसून साडेअकराचे असते. ही बेरीज न केल्यामुळे लोक ताजे चित्र जुने समजून सोडून देतात, किंवा जुने चित्र ताजे समजून धावपळ करतात.

दुसरी चूक पांढऱ्या रंगाची. अवरक्त (उष्णता टिपणाऱ्या) चित्रात जो ढग जितका उंच आणि थंड, तितका तो पांढरा दिसतो. उंचावरचे पिंजारलेले, पातळ ढगही त्यामुळे पांढरे दिसतात, आणि त्यांतून काहीच पडत नाही. हेच ठिकाण दृश्य प्रकाशाच्या चित्रात पाहावे. तेथे खालची जमीन अंधूक दिसत असेल तर तो पातळ पडदा आहे. दोन्ही चित्रांत घट्ट पांढरा, ठळक कडा असलेला आणि तासाभरात पसरत जाणारा ठिपका दिसला तर तो वादळी ढग समजावा.

आता आभाळ. मार्चमध्ये खानदेशातील हवा एरवी कोरडी असते; सकाळी ओठ फुटतात, कपडे तासाभरात वाळतात. इशाऱ्याच्या दिवशी सकाळीच चिकट उकाडा जाणवत असेल, रोजचा वायव्येचा वारा पडून पूर्व किंवा दक्षिणेकडून दमट झुळूक येत असेल, आणि अकराच्या आधीच सातपुड्याच्या रांगेवर फुलकोबीसारखे ढग उंच चढू लागले असतील, तर दुपारसाठी माणसे अडवून ठेवावीत. मंडळातील हवामान केंद्राची सापेक्ष आर्द्रता कालच्या त्याच वेळेशी ताडून पाहावी. सकाळची आर्द्रता कालच्या दुपारशी ताडणे निरर्थक आहे, कारण तापमान बदलले की आर्द्रतेचा टक्का आपोआप बदलतो.

सकाळी काहीच नसल्याने दुपार सुरक्षित ठरत नाही. या हंगामातील बहुतेक वादळे दुपारी तीननंतर उभी राहतात, आणि सकाळचे स्वच्छ ऊनच त्यांना बळ देते. उलट सकाळपासून गच्च आभाळ राहिले आणि जमीन तापलीच नाही, तर कधीकधी जोर कमी पडतो. बांधावर उभे राहून ‘आज मस्त ऊन पडलंय, काही येत नाही’ असे म्हणणाऱ्या अनुभवी माणसांचा अंदाज इथेच चुकतो.

टप्पा ५: शेवटचे तीन तास

हवामान विभागाचा तातडीचा अंदाज साधारण तीन तासांसाठी असतो. तो आला की नियोजन बंद करावे आणि फक्त हालचाल करावी. त्याची सुरुवातीची व शेवटची वेळ वाचावी; ४ वाजता दिलेला अंदाज ६ वाजता आपल्या हाती पडला असेल तर त्याचा एकच तास उरलेला असतो.

रडारचे चित्र याच वेळी उघडावे, मात्र त्याची मर्यादा समजून. मुंबई, भोपाळ आणि नागपूर येथील रडार केंद्रांपासून धुळे-जळगावचे हवाई अंतर सुमारे ३०० किलोमीटर किंवा त्याहून अधिक भरते. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते. अर्ध्या अंशाच्या कोनात निघालेला किरण २५० किलोमीटरवर पोहोचेपर्यंत जमिनीपासून जवळपास ६ किलोमीटर उंच गेलेला असतो. म्हणजे दूरच्या रडारला आपल्याकडच्या ढगाचा माथा दिसतो, पोट दिसत नाही. चित्र कोरे आहे म्हणून आभाळ कोरे आहे असे मानू नये. दिसले तर विश्वास ठेवावा, न दिसल्यास फोन लावावा.

रडारवरील रंगपट्टीवर डीबीझेड हे ढगावरून परत येणाऱ्या लहरींच्या जोराचे एकक असते. ५५ डीबीझेडच्या पुढचे गडद लाल-जांभळे ठिपके गारांची दाट शक्यता सांगतात. गारा पाण्याच्या थेंबांपेक्षा मोठ्या असल्याने त्यांचे परावर्तन तीव्र येते. रडारच्या ठिकाणापासून निघालेल्या सरळ रेषा किंवा तासन् तास एकाच जागी बसलेले ठिपके हे ढग नसतात, ते अडथळे किंवा इतर लहरींची ढवळाढवळ असते.

आता हिशेब. समजा आपले वावर एरंडोलजवळ आहे. दुपारी ४.०० च्या चित्रात वादळाचा गाभा धुळ्यावर आहे आणि ४.३० च्या चित्रात तो पारोळ्याच्या अर्ध्या वाटेवर आला आहे. धुळे ते पारोळा हवाई अंतर सुमारे ३५ किलोमीटर आहे, म्हणजे अर्ध्या तासात तो साधारण १७ किलोमीटर सरकला. वेग ताशी ३५ किलोमीटर झाला. पारोळ्याला तो ५ च्या सुमारास पोहोचेल. पारोळा ते एरंडोल आणखी २२ किलोमीटर आहे, त्यासाठी सुमारे ४० मिनिटे, म्हणजे ५.४०. या वेळेतून अर्धा तास वजा करून ५.१० हीच आपली वेळ समजावी. वादळ एका गोळ्यासारखे सरकत नाही. त्याच्या पुढे थंड वाऱ्याचा झोत धावतो, त्या झोताने नवा ढग उभा राहतो आणि मूळ ढगाच्या आधीच गारा सुरू होतात.

याच वेळी पारोळ्याच्या माणसाला फोन करावा. ‘आभाळ भरलंय’ या उत्तराचा उपयोग नाही. वारा अचानक फिरला का, गारवा आला का, गारा आहेत का आणि असल्यास केवढ्या, एवढे विचारून फोन ठेवावा, कारण तोही ताडपत्रीच शोधत असतो.

तपासणी: उपग्रह, रडार आणि विजांचे ॲप या तिन्हींवरील वेळ कागदावर एकाखाली एक लिहून मगच त्यांची तुलना करावी. चाळीस मिनिटे जुने रडार आणि आत्ताची वीज एकत्र पाहिल्यास वादळाची दिशाच उलटी वाटू शकते.

टप्पा ६: वादळ डोक्यावर असताना

येथे मागोवा थांबवायचा. ‘दामिनी’ने जवळच्या विजेची सूचना दिली किंवा वीज दिसल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला, तर पक्क्या घरात जावे. आवाजाला एक किलोमीटरला साधारण ३ सेकंद लागतात, म्हणजे ३० सेकंद हे सुमारे १० किलोमीटर झाले. लिंबाखाली किंवा बाभळीखाली थांबू नये, ट्रॅक्टर, तारेचे कुंपण आणि विहिरीवरच्या मोटारीपासून दूर राहावे. ताडपत्रीचे एक टोक उडाले म्हणून परत वावरात जाऊ नये. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबावे.

टप्पा ७: मोजणी, नोंद आणि पंचनामा

गारांचे वर्णन आपल्याकडे हरभऱ्याएवढ्या, बोराएवढ्या, लिंबाएवढ्या असे केले जाते. बोलताना ते ठीक आहे, पण बोर कोणते, गावरान की कलमी, यावर दुप्पट फरक पडतो. नोंदीसाठी पट्टी लावून मिलिमीटरमध्ये व्यास लिहावा. पट्टी नसेल तर दहा रुपयांचे नाणे शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे. त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. सर्वांत मोठी गार शोधून तिचाच फोटो काढण्याचा मोह आवरावा. एक चौरस फूट जागेतील गारा जशा पडल्या तशा टिपाव्यात आणि मोठी गार वेगळी दाखवावी. हे सर्व वादळ सरल्यावर, पण गारा वितळण्यापूर्वी करायचे असल्याने घराच्या अंगणातील गारांची मोजणीही चालते. जागा मात्र लिहावी.

पाऊस मोजण्यासाठी सरळ भिंतींचे कोणतेही भांडे चालते. ते झाड किंवा भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवावे. भांड्यात गारा साचल्या असतील तर त्या पूर्ण वितळू द्याव्यात आणि मगच पाण्याची खोली मोजावी. ढीग मोजला तर आकडा फुगतो.

एक गोष्ट येथेच स्पष्ट करावी लागते. गारांचा थर साचला की ‘खानदेशात बर्फ पडला’ अशा मथळ्याने चित्रे फिरतात. तो बर्फवृष्टीचा हिम नसतो, गारांचा साठा असतो. डिसेंबर-जानेवारीत तोरणमाळ किंवा अक्कलकुवा तालुक्यातील डाब परिसरात गवतावर दिसणारा पांढरा थर हा तिसराच प्रकार आहे. स्वच्छ, शांत रात्री जमीन थंड होऊन दव गोठते. आभाळ भरलेले होते की निरभ्र, एवढा एकच प्रश्न विचारला तरी गार आणि गोठलेले दव यांतला फरक उलगडतो. नोंदवहीत या तिन्हींसाठी वेगळे रकाने ठेवावेत.

नुकसान झाले असेल तर प्रथम विम्याची पावती काढावी. पूर्वसूचना देण्याची, म्हणजे विमा कंपनीला नुकसान कळवण्याची, मुदत दिवसांत नव्हे तर तासांत मोजली जाते आणि गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीसाठी ती बहुधा ७२ तास असते. मात्र कोणते नुकसान संरक्षणात येते याच्या अटी हंगामागणिक बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये. केळीच्या हवामान आधारित फळपीक विम्यात गारपिटीचे संरक्षण जादा हप्ता भरून वेगळे घ्यावे लागते. तो भरला होता की नाही हे गारा पडल्यावर शोधणारे अनेक जण आढळतात. शासकीय मदतीसाठी पंचनाम्यात ३३ टक्के किंवा अधिक नुकसान दिसावे लागते. म्हणून तलाठी आणि कृषी सहायक येईपर्यंत आडवे झालेले पीक आवरू नये. आवरणे अपरिहार्य असेल तर आधी गट क्रमांकाची खूण, बांध आणि पीक एकाच चौकटीत येईल असे, ठिकाण व वेळ उमटणारे छायाचित्र काढावे. नुसत्या फाटलेल्या पानाचा जवळून घेतलेला फोटो कोणत्याही वावरातला असू शकतो.

शेवटी त्याच रात्री वहीत पाच ओळी लिहाव्यात: आदल्या दिवशी जिल्ह्याचा रंग कोणता होता, तातडीचा अंदाज किती वाजता हाती आला, पहिला थेंब किती वाजता पडला, वारा कोणत्या बाजूने आला आणि ठरवलेल्या कामांपैकी कोणते अपुरे राहिले. काहीच न झालेल्या इशाऱ्याच्या दिवशीही या ओळी लिहाव्यात, त्या दिवशी ‘कोरडे’ एवढा शब्द पुरतो. अपुरे राहिलेले काम लगेच टप्पा १ च्या कागदावर आदल्या दिवशीच्या यादीत सरकवावे, कारण एप्रिलच्या मध्यापर्यंत दुसरा झंझावात येण्यास वाव असतो.